राज्य कोर्टांतले क्लास ॲक्शन दावे मोजताना: प्रकल्प नोंदी, मार्च ते ऑक्टोबर 2025

8 मार्च 2025

काम असं आहे: अमेरिकेत राज्यांच्या कोर्टांत कुठल्या प्रकारचे क्लास ॲक्शन दावे, म्हणजे एका-दोघांनी सारखं नुकसान झालेल्या सगळ्यांच्या ('वर्गाच्या') वतीने केलेले दावे, वाढले आणि कुठले ओसरले, हे 2015 पासून पुढे वर्षवार मांडायचं. मागणी बे एरियातल्या एका छोट्या कामगार मदत गटाची. त्यांच्याकडे गोदामांत, हॉटेलांत, वृद्धाश्रमांत काम करणारी माणसं तडजोडीची पत्रं घेऊन येतात. तुम्ही वर्गाचे सदस्य आहात, अमुक तारखेपर्यंत हरकत घ्या किंवा बाहेर पडा, असं त्या पत्रांत बारीक टायपात लिहिलेलं असतं. बहुतेकांना ती जाहिरात वाटते आणि पत्र कचऱ्यात जातं. कुठल्या कायद्याखालचे दावे येऊ घातलेत हे आधीच कळलं, तर गटाला माणसं गाठून सांगता येईल. त्यासाठी हा खटाटोप.

आम्ही तिघं आहोत. आकडेवारी माझ्याकडे, कायदा एका वकील मैत्रिणीकडे, स्कॅनिंग आणि कोड तिसऱ्या सहकाऱ्याकडे. नोंदी मराठीत ठेवते, कारण न्यू जर्सी आणि शिकागोकडच्या मराठी मंडळींपैकी काहींना आपापल्या राज्यात हेच करायचं आहे.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते: आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 1 नियम 8, ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 35 आणि कंपनी कायदा 2013 चं कलम 245 या त्याच घरातल्या तरतुदी. अमेरिकेत नुकसानभरपाईच्या दाव्यात वर्गातल्या माणसाला आत यायला काहीच करावं लागत नाही, बाहेर पडायचं असेल तरच कळवायचं. म्हणून एका दाव्यात हजारो माणसं असतात आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

पहिल्याच बैठकीत अडचण कळली. राज्य कोर्टांतल्या क्लास ॲक्शन दाव्यांची देशभराची यादी नाही. प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा, राज्यात प्रत्येक काउंटीचा वेगळा. मिसिसिपीच्या नियमांत तर क्लास ॲक्शनची सोयच नाही. पन्नास राज्यांचा नाद सोडला. कॅलिफोर्निया, इलिनॉय, फ्लोरिडा आणि वॉशिंग्टन, एवढीच घेतली.

22 मार्च

सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून केली. फेडरल ज्युडिशियल सेंटर फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांतल्या सगळ्या दिवाणी दाव्यांची एकत्रित फाइल मोफत देतं. तिच्यात एक रकाना आहे दावा आला कुठून याचा. तिथे 2 असेल तर तो राज्य कोर्टातून हलवून आणलेला दावा. दुसरा रकाना क्लास ॲक्शन आहे की नाही याचा. दोन्ही गाळण्या लावल्या की राज्यात दाखल होऊन फेडरल कोर्टात ओढले गेलेले दावे हाती येतात.

हे ओढणं नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. 18 फेब्रुवारी 2005 ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी क्लास ॲक्शन फेअरनेस कायद्यावर सही केली. आपण त्याला काफा म्हणू. वर्गात किमान 100 माणसं, एकूण मागणी 50 लाख डॉलरच्या वर, आणि वर्गातला एक जरी माणूस प्रतिवादीपेक्षा वेगळ्या राज्यातला असला, तर प्रतिवादीला दावा फेडरल कोर्टात नेता येतो. त्याआधी इलिनॉयमधली मॅडिसन काउंटी अशा दाव्यांसाठी देशभर गाजलेली होती. सिगारेट कंपनी फिलिप मॉरिसविरुद्ध तिथेच 2003 मध्ये 10.1 अब्ज डॉलरचा निकाल लागला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो 2005 मध्ये उलटवला. काफा आला तो अशा काउंट्यांकडे बोट दाखवत.

तेव्हा वाटलं होतं, राज्य कोर्टं आता रिकामी होणार. तसं झालं नाही, आणि का झालं नाही हेच या कामातून दाखवायचं आहे. काफातच एक दार आहे, आणि ती पळवाट नव्हे, रीतसर सोय आहे: वर्गातली दोन तृतीयांश किंवा जास्त माणसं आणि मुख्य प्रतिवादी त्याच राज्याचे असतील, तर दावा राज्यातच राहतो. एक तृतीयांश ते दोन तृतीयांशच्या मधलं असेल तर न्यायाधीशाच्या मर्जीवर. दुसरं मोठं कारण 2016 नंतरचं, ते मे महिन्याच्या नोंदीत येईल.

5 एप्रिल

या फाइलची एक बाजू लंगडी आहे. क्लास ॲक्शनचा रकाना वकिलाने कव्हर शीटवर केलेल्या खुणेवरून भरला जातो. खूण राहिली तर दावा गायब. आणि दाव्याचा प्रकार तर अगदीच मोघम: 190 म्हणजे इतर करार, 370 म्हणजे इतर फसवणूक, 890 म्हणजे इतर कायदे. निम्मं जग 'इतर' मध्ये. बोटाच्या ठशांचा दावाही 890, गुप्त ध्वनिमुद्रणाचाही 890.

उपाय एकच, मूळ वादपत्र वाचणं. इथे एक युक्ती आहे आणि ती या सगळ्या कामाचा कणा ठरली. दावा फेडरल कोर्टात हलवताना प्रतिवादीला राज्य कोर्टातली सगळी कागदपत्रं जोडावी लागतात, कायदाच तसा आहे. म्हणजे राज्य कोर्टाचं पोर्टल कितीही आडमुठं असलं, तरी हलवलेल्या दाव्याचं वादपत्र पेसर या फेडरल संकेतस्थळावर जोडपत्र म्हणून मिळतंच.

पेसरचा खर्च: पानाला 10 सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त 3 डॉलर. तिमाहीत बिल 30 डॉलर किंवा कमी झालं तर माफ. मात्र शोधाच्या निकालांना 3 डॉलरची मर्यादा लागू नाही. मोघम शोध लावला की निकालांची पानंच पानं आणि प्रत्येक पानाचे 10 सेंट. पहिल्या तिमाहीची माफी अशा रुंद शोधांतच संपली. त्यानंतर ठरवलं: शोध फेडरल ज्युडिशियल सेंटरच्या फाइलवर घरी करायचा, पेसरवर थेट दाव्याचा क्रमांक टाकायचा, आणि त्याआधी पेसरवरच्या दस्तऐवजांच्या रिकॅप या मोफत संग्रहात तो दस्तऐवज कुणी आधीच टाकला आहे का ते पाहायचं. तिथे मिळाला तर खर्च शून्य. तिघांनी आपापली खाती उघडून उतरवणं तिमाह्यांत वाटून घेतलं. घाई नसेल तर हे काम जवळजवळ फुकटात होतं.

19 एप्रिल

स्कॅनिंगने पंधरवडा खाल्ला.

कॅलिफोर्नियाची वादपत्रं 28 ओळींच्या कागदावर असतात. डाव्या समासात 1 ते 28 आकडे छापलेले. टेसरॅक्ट या स्कॅनमधला मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामने मजकूर काढला की ते आकडे वाक्यांत घुसतात. आमचा सगळा खेळ कलमांच्या क्रमांकांवर. जेवणाची सुट्टी 512, बुडालेल्या सुट्टीचा भुर्दंड 226.7, पगारपत्रक 226, नोकरी सुटल्यावर थकवलेला पगार 203, खिशातून केलेला खर्च 2802. त्यात समासातला 22 आणि पुढच्या ओळीतला 6 शेजारी आले की कोड म्हणतो, मिळालं 226! पगारपत्रकाचे दावे अचानक भलतेच वाढलेले दिसायला लागले तेव्हा सहकाऱ्याने पानं हाताने तपासली.

दुरुस्ती साधी निघाली. मजकूर काढण्याआधी पानाची डावी पट्टी समासरेषेपर्यंत कापून टाकायची. नंतर कलम क्रमांक मोजताना त्याच्या आसपास 'लेबर कोड' हे शब्द हवेतच, अशी अट. वर कोर्टाचा शिक्का असतो, त्यातल्या तारखा आणि क्रमांकही त्रास देतात, म्हणून पहिल्या पानाचा वरचा भागही वगळला. दावा दाखल केल्याची तारीख तेवढी तिथून हाताने टिपली.

याच आठवड्यात वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचा ओल्ड नेव्ही या कपड्यांच्या दुकानसाखळीच्या प्रकरणातला निकाल आला, 17 एप्रिलला. जाहिरातीच्या ईमेलच्या विषय-ओळीत कुठलीही खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती असेल तर राज्याचा ईमेल कायदा लागू होतो. सेलचा शेवटचा दिवस म्हणायचं आणि सेल पुढे चालू ठेवायचा, हेसुद्धा त्यात आलं. ठरलेली भरपाई ईमेलमागे 500 डॉलर. मैत्रीण म्हणाली, "याची वेगळी रांग आत्ताच उघडून ठेव." ठेवली. आज रिकामीच आहे.

10 मे

आता मुद्द्याचं. हलवलेल्या दाव्यांवरून राज्य कोर्टाचं चित्र काढता येतं का? सरळसरळ नाही. मोठी कंपनी दावा हलवते, गल्लीतलं दुकान हलवत नाही. त्यामुळे आमच्या नमुन्यात मोठी नावं जास्त आणि स्थानिक दवाखाने, उपाहारगृहं जवळजवळ नाहीत. हे भरून काढायला काउंटी कोर्टांच्या नोंदी लागणारच होत्या. पण नमुना चाळताना एक गोष्ट दिसली जिची आम्ही अपेक्षा केली नव्हती: कित्येक दावे हलवले जातात आणि काही महिन्यांत राज्यात परत येतात.

कारण असं. फेडरल कोर्टात दावा चालवायला खरंखुरं नुकसान दाखवावं लागतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या स्पोकिओ निकालाने हे पक्कं केलं आणि 25 जून 2021 च्या ट्रान्सयुनियन निकालाने दार आणखी आवळलं. त्या दाव्यात 8,185 माणसं होती. त्यांच्या पतअहवालावर दहशतवाद्यांच्या सरकारी यादीशी नाव जुळत असल्याचा खोटा शेरा होता. त्यातल्या 1,853 जणांचेच अहवाल बाहेर कुणाला पाठवले गेले, म्हणून नुकसान फक्त त्यांचंच धरलं. बाकीच्यांच्या फाइलीत शेरा पडून होता, पण त्यांना फेडरल दार बंद. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी असहमतीत टिपून ठेवलं की आता असे दावे राज्य कोर्टांतच जातील, कारण राज्य कोर्टांना ही फेडरल अट लागू नाही.

त्यामुळे वकिलांच्या भूमिका उलट्या झाल्यात. शिकागोच्या सातव्या सर्किटचा, म्हणजे तिथल्या फेडरल अपील कोर्टाचा, 2020 चा ब्रायंट निकाल पाहा. कामाच्या ठिकाणच्या खाऊच्या यंत्रात बोटाचा ठसा देऊन पैसे भरायचे, त्यावरून दावा. कंपनीने तो फेडरल कोर्टात नेला. वादी म्हणते, माझं फेडरल अर्थाने नुकसान झालेलंच नाही, मला राज्यात परत पाठवा. कंपनी म्हणते, नाही नाही, बाईंचं नुकसान झालं आहे! कोर्टाने दावा चिरला: संमती न घेता ठसा घेतला यात नुकसान आहे, ते इथे राहील. ठसे किती काळ ठेवणार याचं धोरण जाहीर केलं नाही, यात तिचं वैयक्तिक नुकसान नाही, तो भाग राज्यात.

एकच दावा दोन कोर्टांत मोजला जाऊ नये म्हणून प्रत्येकाला आमचा वेगळा क्रमांक दिला, आणि 'परत गेला का' असा रकाना घातला. तुम्ही हे काम करणार असाल तर हा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर भरायला बसलात तर प्रत्येक दाव्याची रोजनामचा-पानं पुन्हा उघडावी लागतात, आणि त्याचे पैसे पडतात.

7 जून

कॅलिफोर्निया. इथे दावा दाखल करताना सीएम-010 नावाचं कव्हर शीट भरावं लागतं. वर दाव्याच्या प्रकारांचे चौकोन, त्यातला एकच निवडायचा. खाली पाचव्या कलमात वेगळा प्रश्न: हा क्लास ॲक्शन आहे की नाही. हे वेगळेपण महत्त्वाचं, कारण काउंटीच्या पोर्टलवर शोधता येतो तो वरचा चौकोन, खालची खूण बहुतेक ठिकाणी शोधात येत नाही.

वरच्या यादीत 'पगार आणि कामाचे तास' असा चौकोनच नाही. हे दावे 'इतर रोजगार', क्रमांक 15 मध्ये जातात. लेबर कमिशनरच्या आदेशावरची अपिलं मात्र वेगळ्या चौकोनात, 39 मध्ये. काही वकील 07 वर, म्हणजे व्यावसायिक अपकृत्य आणि अनुचित व्यापारावर खूण करतात. त्यालाही कारण आहे. कॅलिफोर्नियातल्या पगाराच्या जवळजवळ प्रत्येक वादपत्रात शेवटची मागणी अनुचित स्पर्धा कायद्याखाली असते, कलम 17200. त्याने मुदत चार वर्षांपर्यंत मागे जाते, नाहीतर तीनवर अडते. वर्षभराचा जास्तीचा पगार मिळवण्यासाठी घातलेलं ते शेपूट आमच्या कोडला ग्राहकांचा दावा वाटत होतं.

मग नियम बदलला. शेवटचं कलम पाहायचं नाही, मागण्यांच्या यादीतली पहिली मागणी पाहायची. पहिली मागणी जेवणाची सुट्टी असेल तर तो पगाराचा दावा, मग खाली 17200 असो वा आणखी काही. हा एक बदल केल्यावर कॅलिफोर्नियाचा तक्ता ओळखू येण्यासारखा झाला: पगार आणि तासांचे दावे सगळ्यांच्या वर, सगळी वर्षं. राज्याच्या न्याय परिषदेने 2000 ते 2006 मधल्या दाव्यांचा अभ्यास केला होता, त्यातही रोजगाराचा गट सर्वांत मोठा होता. म्हणजे हे जुनंच आहे.

एक वादपत्र जवळून सांगते, नावं वगळून. गोदामातला कामगार. पाचवा तास संपायच्या आत 30 मिनिटांची सुट्टी मिळायला हवी. घड्याळात सुट्टीची नोंद रोज बरोबर 30 मिनिटांची, एकही मिनिट इकडे-तिकडे नाही. वकिलाने त्यावरच बोट ठेवलंय: माणसं अशी घड्याळाबरहुकूम जेवत नाहीत, नोंद यंत्राने आपोआप केली आहे. सुट्टी बुडाली की त्या दिवशी एक तासाचा पगार जादा. दिवसाला एक तास म्हणजे किरकोळ वाटतं, पण शेकडो कामगार आणि चार वर्षं म्हटली की काफाची 50 लाखांची रेषा हां हां म्हणता ओलांडली जाते. दाव्यातल्या मागण्या मुद्दाम बेताच्या का ठेवतात ते यावरून कळेल.

28 जून

पागाने सगळी मोजणी अडवली.

पागा म्हणजे 2004 पासून लागू असलेला कॅलिफोर्नियाचा कायदा. त्यात कामगार राज्याच्या वतीने दंड मागतो. तो प्रातिनिधिक दावा असतो, क्लास ॲक्शन नसतो, आणि वर्गाला मान्यता मिळवावी लागत नाही. कव्हर शीटवर 'क्लास ॲक्शन नाही' अशी खूण. आमच्या गाळणीतून तो निसटतो. पण कामगाराच्या दृष्टीने प्रश्न तोच, सुट्टी तीच, कंपनीही तीच.

2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एपिक सिस्टिम्स निकालाने मालकांना मोकळीक दिली: नोकरीच्या करारात लवादाची अट घाला, सामूहिक दाव्याचा हक्क सोडून द्यायला लावा. त्याने क्लास ॲक्शन अडला, पागा अडला नाही, म्हणून लोंढा पागाकडे वळला. 15 जून 2022 च्या त्याच न्यायालयाच्या व्हायकिंग रिव्हर निकालाने वैयक्तिक भाग लवादाकडे नेता येतो असं म्हटलं. 17 जुलै 2023 ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरच्या प्रकरणात ठरवलं की वैयक्तिक भाग लवादात गेला तरी इतरांच्या वतीने मागायचा हक्क संपत नाही. आणि 1 जुलै 2024 ला सुधारणा: दंडातला कामगारांचा वाटा 25 वरून 35 टक्के, आधीच नीट पावलं उचलणाऱ्या मालकाला दंडात मोठी सूट.

फक्त क्लास ॲक्शन मोजले तर 2018 नंतर पगाराचे दावे थंडावल्यासारखे वाटण्याचा धोका आहे. ते थंडावलेले नाहीत, पलीकडच्या रांगेत गेलेत. म्हणून तक्त्यात तीन रेषा घातल्या: फक्त क्लास, फक्त पागा, आणि दोन्ही.

'दोन्ही' पकडणं जिकिरीचं. पागाची नोटीस राज्याच्या कामगार विभागाला द्यायची आणि साधारण 65 दिवस थांबायचं, म्हणून वकील आधी नुसता क्लास ॲक्शन दाखल करतात आणि मुदत सरली की सुधारित वादपत्रात पागा जोडतात. पहिलंच वादपत्र वाचलं तर पागा दिसतच नाही. सुधारित वादपत्रांसाठी काउंटीला पानागणिक पैसे मोजण्यापेक्षा एक सोपा मार्ग मिळाला: या नोटिशी राज्याच्या औद्योगिक संबंध विभागाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतात. मालकाचं नाव आणि तारीख जुळवली की काम होतं. नावांत इन्क, एलएलसी, स्वल्पविराम यांचा गोंधळ असतो, तो आधी निस्तरा.

26 जुलै

इलिनॉय. इथे कुक काउंटीत क्लास ॲक्शन चान्सरी विभागात जातात आणि क्रमांकातच वर्षानंतर सीएच अक्षरं असतात. गाळायला हे फार सोयीचं. मात्र चान्सरीत घरांच्या जप्तीचे दावेही ढिगाने, म्हणून प्रतिवादीच्या नावाआधी वादी बँक आहे का ते पाहून ती बाजूला काढली.

बायोमेट्रिक माहितीचा कायदा, सगळे त्याला बिपा म्हणतात, 2008 चा. निष्काळजीपणाला 1,000 डॉलर, जाणूनबुजून केलं तर 5,000. दहा वर्षं तो जवळपास झोपलेला होता. 25 जानेवारी 2019 ला सिक्स फ्लॅग्ज प्रकरणात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही, हक्क मोडला एवढं पुरे. प्रकरण होतं चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याच्या ठशाचं, करमणूक उद्यानाच्या पासासाठी घेतलेल्या. पण त्यानंतर आलेल्या वादपत्रांत उद्यानं कमी आणि हजेरीची घड्याळं जास्त. सकाळी बोट टेकवा, जेवायला जाताना टेकवा, परत येताना टेकवा.

फेब्रुवारी 2023 मध्ये दोन निकाल लागोपाठ आले. 2 तारखेला: दावा करायची मुदत पाच वर्षं. 17 तारखेला व्हाइट कॅसल: प्रत्येक वेळी बोट टेकवणं हा वेगळा भंग. 9,500 कामगारांच्या त्या प्रकरणात कंपनीचाच अंदाज 17 अब्ज डॉलरच्या वर गेला. 2 ऑगस्ट 2024 ला विधिमंडळाची दुरुस्ती लागू झाली: एका माणसामागे एकच भरपाई. आधीच्या दाव्यांना हे लागू की नाही यावर कोर्टांत अजून वाद चालू आहे, म्हणून बदलाचा परिणाम काय झाला हे रेषेवरून इतक्यात ठरवू नका.

आम्ही बिपाची रेषा महिनावार काढली, वर्षवार नाही. वर्षवार काढली तर निकालाआधीचे आणि नंतरचे दावे एकाच खांबात मिसळतात आणि कारण दिसत नाही. महिनावारीत निकालानंतरची चढण स्वच्छ दिसते.

बिपाच्या शेजारीच आणखी एक रांग उघडावी लागली. 1998 चा आनुवंशिक माहितीचा कायदा. नोकरीआधीच्या वैद्यकीय तपासणीत "वडिलांना हृदयविकार होता का?" असं विचारलं, यावरून दावे. भरपाई 2,500 आणि 15,000 डॉलर. 2023 पासून यांची गर्दी. बिपाच्या निकालांवरच हे उभे आहेत, शब्दरचनाही तिथूनच घेतलेली. शोध लावताना 'बायोमेट्रिक' शब्दावर अवलंबून राहिलात तर एकही सापडणार नाही.

23 ऑगस्ट

फ्लोरिडा पटकन उरकलं, कारण गोष्ट सरळ आहे. 1 एप्रिल 2021 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेसबुक प्रकरणात फेडरल दूरध्वनी कायद्यातली स्वयंचलित डायलरची व्याख्या आकसली. 1 जुलै 2021 ला फ्लोरिडाचा स्वतःचा कायदा लागू झाला, नको असलेल्या विक्रीच्या संदेशाला 500 डॉलर. दावे तिथे धावले. मे 2023 मध्ये दुरुस्ती आली: आधी 'स्टॉप' असं उत्तर पाठवायचं, 15 दिवस थांबायचं, तरी संदेश आले तरच दावा. ओघ आटला. अशी सुरुवात आणि शेवट दोन्ही असलेली रेषा आमच्या तक्त्यात ही एकच.

रोखेबाजाराच्या दाव्यांची रेषाही साधारण अशीच. मार्च 2018 च्या सायन निकालाने 1933 च्या कायद्याखालचे दावे राज्य कोर्टात राहू शकतात हे पक्कं केलं. मार्च 2020 मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपन्यांना आपल्या सनदेत 'असे दावे फेडरल कोर्टातच' असं लिहायला मुभा दिली. गटाच्या माणसांचा याच्याशी संबंध नाही, म्हणून तक्त्यातून काढलं.

न्यूयॉर्क का घेतलं नाही असं विचारलं गेलं. तिथे प्रवाह उलटा आहे. राज्याच्या नियमानुसार, कायद्याने ठरवून दिलेला दंड क्लास ॲक्शनमध्ये मागता येत नाही, पण 2010 च्या शेडी ग्रोव्ह निकालाने फेडरल कोर्टात तो मागता येतो. म्हणून तिथले तसे दावे फेडरल कोर्टाकडे जातात. हा तपशील माहीत नसेल तर न्यूयॉर्कचे आकडे पाहून कुणीही म्हणेल, इथे ग्राहकांना तक्रारीच नाहीत.

कॅलिफोर्नियात परत यावं लागलं ते 1967 च्या खासगीपणाच्या कायद्यासाठी. फोन चोरून ऐकण्याविरुद्धचा कायदा. 2022 पासून तो संकेतस्थळांवरच्या चॅटच्या खिडक्यांना आणि माग काढणाऱ्या कोडला लावतायत, भंगामागे 5,000 डॉलर. इथली वादपत्रं एकमेकांची नक्कल असतात, फक्त संकेतस्थळाचं नाव बदललेलं. मजकुराची साम्यता तपासणारा कोड त्यांना 'दुहेरी नोंद' म्हणून उडवत होता. प्रतिवादीचं नाव वेगळं असेल तर उडवायचं नाही, अशी अट घातल्यावर ती सगळी परत आली.

6 सप्टेंबर

परवा, 4 तारखेला, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रॅन्सन प्रकरणात निकाल दिला. तिथे 1 जानेवारी 2023 पासून नोकरीच्या जाहिरातीत पगार लिहावाच लागतो. प्रश्न होता, अर्जदाराला ती नोकरी खरोखर हवी होती हे सिद्ध करावं लागतं का. कोर्ट म्हणालं, नाही. मात्र 27 जुलैपासून विधिमंडळाची दुरुस्ती लागू झाली आहे: आधी सरसकट किमान 5,000 डॉलर होते, आता 100 ते 5,000. म्हणजे निकाल वादींच्या बाजूने आणि कायदा मालकांच्या बाजूने, दोन महिन्यांच्या आत. जुलैआधीचे आणि नंतरचे दावे वेगळे ठेवले.

चारही राज्यांचे तक्ते शेजारी ठेवल्यावर मला जे दिसतं ते ठामपणे लिहिते. दाव्यांचे प्रकार लोकांच्या तक्रारींच्या मागे धावत नाहीत. जिथे कायद्याने भरपाईची रक्कम ठरवून दिली आहे, वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही, आणि फेडरल दार बंद किंवा अरुंद आहे, तिथे ते वाढतात. ज्या माणसाला गोदामात उन्हाळ्यात भोवळ येते त्याच्या त्रासाला ठरलेली रक्कम नाही, म्हणून तो आमच्या कुठल्याच रेषेत नाही. गटाला तक्ता देताना हे पहिल्या पानावर लिहिणार आहे, कारण रेषा खाली गेली म्हणजे त्रास कमी झाला असं कुणी वाचू नये.

4 ऑक्टोबर

तक्ता गटाला दिला. सोबत एका पानाचा कागद, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये: तडजोडीच्या पत्रात कुठला कायदा लिहिलेला असतो, कुठल्या तारखा पाहायच्या, पत्ता बदलला असेल तर तडजोडीचे पैसे वाटणाऱ्या व्यवस्थापकाला कसं कळवायचं. पत्ता बदलल्यामुळे धनादेश परत जाण्याचा प्रकार त्यांच्याकडे सर्रास आहे, म्हणून तो मुद्दा ठळक केला.

न्यू जर्सीच्या मंडळींनी विचारलं म्हणून: तुमच्याकडे 1981 च्या ग्राहक करार कायद्याचे दावे वेगळे काढा, भरपाई 100 डॉलर. ऑक्टोबर 2017 आणि एप्रिल 2018 मधल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी ते बसवले. दुसऱ्या निकालात कोर्ट म्हणालं, ज्याला काही तोटाच झाला नाही तो 'पीडित ग्राहक' नाही. तुमची रेषा तिथून सुरू केलीत तर आमच्या फ्लोरिडाच्या रेषेशी ताडून पाहता येईल.

कोड आणि रकान्यांची यादी मागाल त्याला देतो, वादपत्रं देत नाही, त्यांत कामगारांची नावं आहेत. वॉशिंग्टनच्या ईमेलची रांग आता रिकामी नाही, पण डिसेंबरपर्यंत ती मोजणार नाही. एप्रिलच्या निकालानंतरचे हलवलेले दावे परत जातायत की तिकडेच राहतायत, ते आधी कळू दे.